शिष्य, साक्षी आणि प्रेक्षक : टिळक-वाङ्मयाच्या प्रकाशात आजचे ख्रिस्ती शिष्यत्व

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर मुख्यतः दोन अंगांनी होत आला आहे. या वाङ्मयाने मराठी गद्य, कोशरचना व मुद्रण यांच्या वाढीस कोणता हातभार लावला, हे पाहणे हे त्यांपैकी एक अंग. आणि धर्मांतर केलेल्या लेखकाच्या मनातील मूळचे संस्कार ख्रिस्ती आशयात कसे मुरले, याचा शोध घेणे हे दुसरे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. तथापि त्यांच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. तो प्रश्न असा : ज्या माध्यमातून उपदेश पोचतो त्या माध्यमाचा, आणि तो उपदेश ऐकून घडणाऱ्या शिष्याचा, परस्परसंबंध काय?

आज हा प्रश्न केवळ पांडित्याचा उरलेला नाही. २४ मार्च २०२० रोजी भारतात टाळेबंदी जाहीर झाली आणि इतर सर्व प्रार्थनास्थळांप्रमाणे चर्चची दारेही बंद झाली. २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे संत पीटरच्या ओस पडलेल्या चौकासमोर, भर पावसात, जगाला आशीर्वाद दिला. तो जगभरच्या भाविकांनी पडद्यावर पाहिला. पुढील कित्येक महिने उपासना, प्रवचने व प्रार्थनासभा यूट्यूब, झूम आणि व्हॉट्सॲप यांच्या द्वारे चालल्या. साथ ओसरली, दारे उघडली. परंतु मोबाईलवरील उपासना गेली नाही. ती मंडळीच्या जीवनाचा एक स्थायी भाग होऊन बसली.

या परिस्थितीविषयी दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे पडद्यावरील शिष्यत्व हे शिष्यत्वच नव्हे. ती घरबसल्या मिळणारी करमणूक होय. दुसऱ्या मताप्रमाणे ख्रिस्ताचा संदेश सर्व राष्ट्रांस पोचविण्याची जी आज्ञा शिष्यांना मिळाली, ती पार पाडण्याचे साधन प्रथमच खऱ्या अर्थाने हाती आले आहे. ही दोन्ही मते एक गोष्ट गृहीत धरून चालतात. शिष्यत्वाचे मर्म संदेश पोचण्यात अथवा न पोचण्यात आहे, ही ती गोष्ट. मराठी ख्रिस्ती परंपरेतील दोन थोर साहित्यिकांचे, नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे, जीवन व लेखन या गृहीताच्या विरुद्ध साक्ष देते. तिची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीत ख्रिस्ताच्या मागे जाणारा आणि समाजमाध्यमावर एखाद्याचे लेखन वा चित्रफीत नित्य पाहणारा, या दोघांसही एकच शब्द आहे. मराठीने मात्र हे दोन अर्थ वेगळे ठेवले. समाजमाध्यमावरच्या मनुष्यास मराठी माणूस बिनदिक्कत ‘फॉलोअर’ म्हणतो. त्यास ‘शिष्य’ म्हणावे असे कोणाच्याही मनात येत नाही. भाषेचा हा विवेक अर्थपूर्ण आहे. ‘शिष्य’ हा शब्द ‘शास्’ धातूपासून आला. ज्याला शिकवावयाचे, वळण लावावयाचे, प्रसंगी ज्याचे शासन करावयाचे तो शिष्य. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेतील शब्दाचा अर्थही ‘शिकणारा’ असाच आहे, आणि त्याच्या जोडीला येणारे क्रियापद ‘मागे चालणे’ हे आहे. म्हणजे शिकणे ही तेथे पायांनी करावयाची क्रिया होती. गुरूच्या पावलांची धूळ शिष्याच्या अंगावर पडेल इतके अंतर तिला मान्य होते, अधिक नव्हे.

याच शुभवर्तमानांत दुरून मागे चालण्याचाही एक प्रसंग आला आहे. ख्रिस्ताला धरून नेले त्या रात्री पेत्र त्याच्या मागे गेला, परंतु अंतर ठेवून. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात तो शेकोटीपाशी जाऊन बसला आणि पुढे काय होते ते पाहू लागला. तेथे एका दासीने त्याला ओळखले; तूही त्याच्याबरोबर होतास, असे ती म्हणाली. पेत्राने तीनदा नाकारले. पण त्याची गालीली बोलीच त्याला उघडी पाडीत होती. या प्रसंगात पेत्राची भूमिका क्षणभर प्रेक्षकाची झाली आहे, आणि ती मोडली जाते ती गुरूच्या उपदेशाने नव्हे, तर एका सामान्य दासीच्या नजरेने. ज्याला ओळखणारे कोणी समोर उभे आहे, त्याला प्रेक्षक राहता येत नाही.

मराठी ख्रिस्ती व्यवहारात ‘साक्ष’ हा शब्द फार रुळलेला आहे. आपल्या जीवनात देवाने काय केले हे मंडळीसमोर सांगणे म्हणजे साक्ष देणे. परंतु साक्षी म्हणजे मुळात ‘डोळ्यांसह असलेला’, प्रत्यक्ष पाहणारा. या अर्थाने पेत्राला ओळखणारी ती दासी साक्षी होती. साक्ष देणारा मनुष्य जसा शिष्यत्वास आवश्यक आहे, तसाच त्या साक्षीची सत्यता पडताळून पाहणारा, त्याला रोजच्या व्यवहारात ओळखणारा साक्षीही आवश्यक आहे. शिष्य, साक्षी आणि प्रेक्षक या तीन संज्ञांतील हा भेद पुढील विवेचनात आधारभूत धरला आहे.

मराठीतील पहिल्या मोठ्या ख्रिस्ती काव्याची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्याच्या १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांमुळे, आणि गोवा सोडून कानडी किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो जपल्यामुळे. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. या ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. पाद्री सांगत आहेत, श्रोते बसले आहेत, आणि श्रोत्यांपैकी कोणी उठून शंका विचारीत आहे. श्रोता प्रश्न करतो म्हणून वक्त्याला पुढे बोलावे लागते. त्या श्रोत्यांवर पोर्तुगीज सत्तेचे दडपण होते, हे विसरून चालणार नाही. तरीही कवीने शिष्यत्वाची जी प्रतिमा योजिली ती मुकाट्याने ऐकणाऱ्या समुदायाची नाही. तोंडासमोर बसून विचारणाऱ्याची आहे. मुद्रणयंत्र हाताशी असताना स्टीफन्स यांनी पुराणश्रवणाचा घाट स्वीकारला, याचे कारण केवळ लोकांच्या सवयीत नसून शिष्य घडविण्याच्या या कल्पनेतही असावे.

३

क्रिस्तपुराणानंतर जवळजवळ तीन शतकांनी कोकणातीलच एका पुत्राच्या जीवनात हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. बालपणीच ते घराबाहेर पडले. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी त्यांची भ्रमंती झाली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी रसिक त्यांना ओळखतो. त्यांच्या धर्मांतराची कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती माध्यमाच्या दृष्टीने क्वचितच वाचली गेली आहे.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. दोघांत काव्याविषयी व धर्माविषयी बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. टिळकांनी पुस्तक एकांतात वाचले; डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. नंतर पत्रव्यवहार सुरू झाला. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. (लंडनमधील मार्सडेन संग्रहात असलेल्या क्रिस्तपुराणाच्या देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष पुढे वेधले तेही याच ॲबट यांनी.) अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

या घटनाक्रमाचा अर्थ सरळ आहे. टिळकांना ख्रिस्त भेटला तो आगगाडी, छापील पुस्तक आणि टपाल या तीन आधुनिक साधनांच्या द्वारे. तेथे गुरू नव्हता, मंडळी नव्हती. एक अनोळखी मनुष्य एक ग्रंथ देऊन निघून गेला आणि बाकीचे काम कागदाने केले. आज एखादा तरुण रात्रीच्या वेळी मोबाईलवर योगायोगाने समोर आलेले प्रवचन ऐकतो, मग त्या प्रवचनकाराला संदेश पाठवितो. त्याची स्थिती तत्त्वतः याहून निराळी नाही. तेव्हा दुरून आलेल्या शब्दाने मनुष्य हलत नाही, असे म्हणणाऱ्यांस टिळकांचे उदाहरण निरुत्तर करते. नव्या करारातील पौलाची पत्रे हीसुद्धा दूर असलेल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रेच होत.

परंतु त्याच नव्या करारातील योहानाच्या नावावर असलेल्या दोन छोट्या पत्रांच्या अखेरीस पत्रलेखक म्हणतो की, लिहावयाचे पुष्कळ आहे, पण ते शाईने व कागदावर लिहावयाचे नाही. समक्ष भेटून बोलावयाचे आहे. हा माध्यमाचा धिक्कार नव्हे. ज्याने पत्र लिहिले त्यानेच पत्राची मर्यादा सांगितली आहे. टिळकांच्या बाबतीतही पुस्तक व पत्र यांनी त्यांना उंबरठ्यापर्यंत आणले. पुढची चोवीस वर्षे त्यांना ज्या कसोटीला उतरावे लागले, ती कसोटी कागदावर नव्हती. ती घरात होती.

४

स्मृतिचित्रे या ग्रंथाची थोरवी मराठी समीक्षेने एकमुखाने मान्य केली आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या आत्मकथेतील बोलीचा सहजपणा, विनोद व निर्मळ सत्यनिष्ठा यांवर विपुल लिहिले गेले आहे. मात्र हा ग्रंथ शिष्यत्वाविषयीचा मराठीतील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ आहे, हे त्याच्या विनोदामुळेच की काय, झाकून राहिले. त्यात शिष्यत्वाची दोन प्रतिरूपे शेजारीशेजारी उभी आहेत.

पहिले टिळकांचे. ते वेगाने, एका झेपेने, दूरच्या शब्दाच्या हाकेने पुढे जातात. झेप घेताना बरोबरच्या माणसाचे काय होईल याचा हिशेब त्या क्षणी त्यांच्यापाशी नाही. बाप्तिस्म्याची वार्ता लक्ष्मीबाईंना दुरूनच कळली. लहान मुलासह त्यांना कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. टिळकांची भूतदया, त्यांचा शीघ्रकोप, हाती आलेला पैसा घरी पोचण्यापूर्वी दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची रीत, हे सारे लक्ष्मीबाईंनी टिपले आहे. त्यात कडवटपणा नाही, परंतु सवलतही नाही. टिळकांच्या अभंगांत जो भक्त दिसतो, त्याचा संसारातील हिशेब या ग्रंथात मांडला आहे.

दुसरे प्रतिरूप खुद्द लक्ष्मीबाईंचे. त्यांचे शिष्यत्व झेपेचे नाही, पावलांचे आहे. पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नाही. पाणी व स्वयंपाक वेगळा राहिला. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, ही गोष्ट ग्रंथात स्पष्ट आहे. रोजच्या जगण्यात, भोवतालच्या माणसांची वागणूक पाहता पाहता, जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत आहे असा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घटनेस ख्रिस्ती परिभाषेत परिवर्तन म्हणतात, ती त्यांच्या बाबतीत उपदेश ऐकून घडली नाही. ती पाण्याच्या भांड्यापाशी, स्वयंपाकघरात घडली.

या दोन प्रतिरूपांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. खरी गोष्ट ही की, पहिल्याला पूर्णता येते ती दुसऱ्यामुळे. टिळक ख्रिस्ताविषयी साक्ष देत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या साक्षी होत्या. टिळकांचे अभंग एकट्याने उरले असते तर ते सुंदर धार्मिक काव्य म्हणून उरले असते. स्मृतिचित्रे शेजारी असल्यामुळे ते एका माणसाने किंमत मोजून जगलेले काव्य आहे, याची खात्री पटते. ख्रिस्तायन या महाकाव्याचा इतिहासही हेच सांगतो. टिळकांनी आरंभीचे अध्याय रचले आणि ते निवर्तले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पुरा केला, आणि दोघांच्या पश्चात १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रीला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिने पतीचे महाकाव्य पुढे न्यावे, ही किमया ग्रंथाने शिकविलेल्या विद्येची नव्हे. ती सहवासाची आहे.

सहवासाचे आणखी एक उदाहरण येथे नमूद करण्यासारखे आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हे टिळकांच्या नगरच्या घरी काही काळ राहिले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घराने त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेविली नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. त्या घरात काव्याचे शिक्षण एका ताटात जेवण्यातून आणि भांडून पुन्हा बोलू लागण्यातून होत होते.

५

टिळकांच्या अखेरच्या दिवसांतील ‘देवाचा दरबार’ या उपक्रमाचा उल्लेख आजच्या चर्चेत करणे अपरिहार्य आहे. १९१२ पासून टिळक ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघालेल्या या पत्राने मराठी ख्रिस्ती समाजाला एकत्र बांधण्याचे फार मोठे कार्य केले. छापील पत्राचे सामर्थ्य टिळकांना पुरेपूर ठाऊक होते. असे असूनही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे राहून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा उभयविध ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ स्थापण्याचा संकल्प केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे हा संघ फार वाढला नाही.

संस्थेच्या चौकटीबाहेरील, बाप्तिस्मा न घेतलेला, तरीही स्वतःस ख्रिस्ताचा शिष्य म्हणविणारा मनुष्य टिळकांनी मान्य केला, हे पाहून कोणी दरबाराला आजच्या पडद्यावरील मंडळीचा पूर्वावतार ठरवील. वरवर पाहता साम्य आहेही. पडद्यावरील उपासनेस बसणाऱ्यास कोणी जात, नाव वा बाप्तिस्म्याचा दाखला विचारीत नाही. ज्या समाजात धर्मांतराची किंमत घर व गोत यांच्या रूपाने द्यावी लागते, तेथे या मोकळेपणाचे मोल कमी लेखता येणार नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती अत्यल्प व विखुरलेली असल्याने जवळचे चर्च कित्येक कोस दूर असू शकते. तेथे मोबाईल हे चैनीचे साधन नसून कित्येकांच्या दृष्टीने वचन ऐकण्याचा तोच एक मार्ग असणार.

परंतु साम्य येथेच संपते. टिळकांनी संस्थेची चौकट सैल केली ती संबंध सैल व्हावा म्हणून नव्हे, तो अधिक घट्ट व्हावा म्हणून. पगारी उपदेशक आणि ऐकणारी मंडळी यांच्यातील अंतर त्यांना जाचत होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या या कवीला वारकरी संप्रदायाचे रहस्य कळले होते. ज्याच्याबरोबर वाट चालावयाची, ज्याच्या पायां पडावयाचे, त्याची सोबत हे ते रहस्य होय. बाप्तिस्म्याची अट त्यांनी शिथिल केली, बंधुत्वाची नव्हे. आजच्या पडद्यावर नेमके उलट घडण्याची भीती आहे. तेथे सिद्धांताच्या अटी कायम राहू शकतात. पण बंधुत्वाची अट नाहीशी होते. श्रोता केव्हाही उठून जाऊ शकतो, आणि तो गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दरबाराच्या अपयशाचेही एक कारण या संदर्भात सांगता येईल. हा संघ एका तेजस्वी व्यक्तीभोवती उभा राहत होता. ती व्यक्ती गेली तेव्हा शिष्यांना परस्परांशी बांधणारे सूत्र पुरेसे विणले गेलेले नव्हते. टिळकांना अवधीच मिळाला नाही, हे खरे. तरीही एका गुरूभोवती जमलेले अनेकजण आणि परस्परांस बांधलेले अनेकजण यांतील फरक या इतिहासातून स्पष्ट होतो. लोकप्रिय प्रवचनकारांच्या भोवती पडद्यावर जमणाऱ्या लक्षावधींच्या बाबतीत हा धोका किती पटींनी वाढतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

६

आता आजच्या साधनांच्या स्वरूपाकडे वळता येईल. १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले, तेथपासून पंडिता रमाबाईंच्या १९२४ मधील संपूर्ण भाषांतरापर्यंत आणि फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या २०१० मधील सुबोध बायबलपर्यंत, शास्त्र मराठी वाचकाच्या अधिकाधिक जवळ येत गेले. २००८ मध्ये मोबाईलवरील बायबलची सुरुवात झाली, आणि आज मराठी शास्त्र हातातल्या हातात वाचता व ऐकता येते. हा त्याच प्रवासाचा पुढचा टप्पा होय. त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. निरक्षर वृद्धेला शुभवर्तमान ऐकविणारे यंत्र लक्ष्मीबाईंना खचितच आवडले असते.

प्रश्न उद्भवतो तो या साधनांच्या मोजमापाच्या रीतीमुळे. वाचकाने सलग किती दिवस वाचन केले याचा आकडा यंत्र दाखविते. प्रवचन किती जणांनी पाहिले, किती जणांनी पसंत केले, हेही आकड्याने कळते. या मोजमापात पाहणारा आहे. परंतु तो प्रेक्षक आहे, साक्षी नाही. त्याला दिसते ते दाखविणाऱ्याने निवडलेले. टिळकांचा आवेश त्याला दिसला असता, लक्ष्मीबाईंचे रिकामे डबे दिसले नसते. साक्ष देणाऱ्यांची संख्या वाढवावी आणि साक्षी मात्र काढून घ्यावा, हा या माध्यमाचा स्वभाव आहे. आणि ज्याला रोज ओळखणारे कोणी नाही, त्याच्या साक्षीला खोटे ठरविणारे कोणी नसते, तसेच खरे ठरविणारेही कोणी नसते.

ही अडचण ख्रिस्तसभेच्याही ध्यानात आली आहे. इंटरनेटवर संस्कारविधी होऊ शकत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ मध्येच एका निवेदनाद्वारे सांगितले होते. २८ मे २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या समाजमाध्यमांविषयीच्या निवेदनात चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताचा आधार घेऊन, या माध्यमात माझा शेजारी कोण, असा प्रश्न उपस्थित केला आहे. दृष्टांतातील याजक व लेवी यांनीही जखमी मनुष्यास पाहिले होते. ते पाहून पुढे गेले. म्हणजे तेही प्रेक्षकच होते. शोमरोनी खाली उतरला, त्याने तेल ओतले, खर्च केला, आणि परत येण्याचे वचन दिले.

जर्मनीतील धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर यांचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. शिष्यत्वाची किंमत या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांची फिंकनवाल्डे येथील पाठशाळा गेस्टापोने बंद केली. विद्यार्थी पांगले. बॉनहोफर त्यांना परिपत्रके पाठवीत राहिले, कारण दुसरा मार्ग नव्हता. परंतु १९३९ मध्ये त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याचा विषय एकत्र जगणे हा होता. दुसऱ्या विश्वासी माणसाची देहाने उपस्थिती ही सहज मिळालेली वस्तू नसून देणगी आहे, हे त्यांना ती उपस्थिती हिरावली गेल्यावर अधिक स्पष्ट झाले. पत्रे आवश्यक होती. पण ती भेटीचे स्मरण ठेवणारी पत्रे होती, भेटीची जागा घेणारी नव्हती.

हा भेद समजण्यास रत्नागिरीच्या माणसाला जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. त्याच वेळी महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ होते. या आकड्यांमागे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेलेले चाकरमानी आहेत. एके काळी घरी मनीऑर्डर येई आणि तिच्या चिठोऱ्यावर दोन ओळी असत. आज पैसे मोबाईलवरून येतात आणि बोलणे चेहरा पाहून होते. दूर राहून संसार चालविण्याचा एवढा दीर्घ अनुभव दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्रदेशास असेल. मनीऑर्डर पाठविणारा बाप खोटा, असे कोकणात कोणी म्हटले नाही. तरीही गणपतीला घरी यावेच लागते. त्या वेळी पैसे पाठवून भागत नाही. आलेल्या माणसाला घर निरखते, तो किती वाळला ते आई पाहते, गावकरी त्याला जुने काही विचारतात आणि त्याला उत्तर द्यावे लागते. ही परतभेट आहे म्हणून वर्षभराचे दूरचे बोलणे खरे राहते. ती नसेल तर त्या बोलण्याचे हळूहळू उपचारात रूपांतर होते.

७

सारांश, मोबाईलवरून शिष्यत्व सुरू होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर टिळकांच्या चरित्राने होकारार्थी दिले आहे. ते तेथेच पूर्ण होऊ शकते काय, याचे उत्तर स्मृतिचित्रांनी नकारार्थी दिले आहे. म्हणून आरंभी उल्लेखिलेली दोन्ही मते अपुरी ठरतात. पहिले मत आगगाडीतील त्या अनोळखी प्रवाशास नाकारते. दुसरे मत लक्ष्मीबाईंस विसरते. शब्द कोणत्याही वाटेने येवो. तो ज्याच्याकडे आला त्याच्या शेजारी, त्याला नावाने ओळखणारे आणि प्रसंगी जाब विचारणारे एक तरी माणूस आहे किंवा नाही, ही शिष्यत्वाची कसोटी होय. अशी माणसे मिळवून देणे हे उपदेशकाचे काम आहे. प्रेक्षकांची संख्या वाढविणे हे त्या मानाने फार सोपे काम आहे.

या निष्कर्षातून साहित्याच्या अभ्यासकांपुढेही एक कार्य उभे राहते. गेल्या काही वर्षांत मराठी ख्रिस्ती समाजाने ध्वनिमुद्रित साक्षी, गीते व प्रवचने यांचे मोठे भांडार पडद्यावर निर्माण केले आहे. त्याचा संग्रह व चिकित्सा होणे अगत्याचे आहे. मात्र ती करताना केवळ मुद्रित वा ध्वनिमुद्रित पाठ तपासून भागणार नाही. टिळकांच्या अभंगांशेजारी ज्याप्रमाणे स्मृतिचित्रे ठेवून वाचावी लागतात, त्याप्रमाणे या साक्षींशेजारी त्या घरांतील न बोललेल्या माणसांचे म्हणणे नोंदवून ठेवावे लागेल. ती माणसे बहुधा स्त्रिया असतील, आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल.